पत्र्याची पेटी आणि नियम क्रमांक चार

आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या वर्गाबाहेर एक पत्र्याची पाटी आहे. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत दहा नियम. वर शीर्षक, ‘कक्षा में विद्युत यंत्रों के उपयोग संबंधी नियम’. रंग उडालाय, एक स्क्रू निघालाय, त्यामुळे पाटी जरा मान वाकडी करून असते. तिच्यावरचं सरकारी हिंदी माझं आहे. मी निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, पण ती पाटी उतरवायची तर आजही माझी सही लागते. ती सही मी देत नाहीये.

सांगतो का ते. पण त्यासाठी आधी मूळ गुन्ह्यापाशी जावं लागेल, आणि गुन्हेगार मीच आहे.

मी भोपाळला रायसेन रोडवरच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं फिजिक्स शिकवलं. आम्ही मूळचे उज्जैनचे, बायको नागपूरची, घर आनंद नगरात. मुलांच्या खिशात मोबाइल नुकते दिसायला लागले होते तेव्हा त्या वेळच्या प्राचार्यांनी एक समिती नेमायचं ठरवलं. त्या बैठकीत मी पेंगत होतो. डोळे उघडले तेव्हा मी संयोजक झालेलो होतो. बाकी दोघे सदस्य, केमिस्ट्रीचे एक सर आणि बॉटनीच्या एक मॅडम. दोघांनी “आप ही लिख दीजिए” म्हणून कोऱ्या कागदावर खाली सह्या करून दिल्या आणि चहाला गेले.

मास्तर माणसाच्या हाती कोरा कागद आणि खाली तयार सह्या, म्हणजे काय होणार ते तुम्ही समजा. एक अख्खा रविवार मी कायदेमंडळ होतो. नियम एक, यंत्राची व्याख्या: ‘बैटरी से चलने वाली प्रत्येक वस्तु’. नियम चार: ‘प्रत्येक विद्यार्थी एवं शिक्षक कक्षा में प्रवेश से पूर्व अपना यंत्र पेटी में जमा करेगा’. त्यातले ‘एवं शिक्षक’ हे शब्द निव्वळ माझ्या मोठेपणासाठी होते. मी किती न्यायी आहे ते कळावं. शेवटी मोजले तर नियम नऊच भरले. नऊ नियम बरे दिसेनात, म्हणून दहावा घातला: ‘ये नियम तब तक लागू रहेंगे, जब तक समिति स्वयं इन्हें निरस्त न करे’. कॉलेज परिषदेनं ते सगळं न वाचता मंजूर केलं. न वाचता मंजूर होणं हा आमच्याकडे कागदाचा सन्मान समजतात.

आता पेटी. ती घरून आणली. सुनंदाच्या माहेरची पत्र्याची पेटी, तिच्यात गाद्यांच्या खोळी असत.

“आईनं दिलेली पेटी आहे ती,” सुनंदा म्हणाली.

“विज्ञानासाठी नेतोय.”

“मग खोळी कुठे ठेवायच्या तेही विज्ञानालाच विचारून या.”

पत्र्याचीच पेटी का, यामागे माझं शास्त्र होतं. धातूच्या पूर्ण बंद डब्यात बाहेरच्या रेडिओ लहरी शिरत नाहीत, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. म्हणजे फोन पेटीत गेला की त्याची घंटी वाजणारच नाही. नियमही पाळला जाईल आणि प्रयोगही होईल. पहिल्या दिवशी मी वर्गासमोर हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. प्राचार्य मुद्दाम बघायला आले होते. मुलांचे फोन पेटीत गेले, नियम चारला स्मरून माझाही गेला. मी झाकण लावलं, कडी घातली आणि म्हणालो, “अब दुनिया की कोई ताकत इसमें घंटी नहीं बजा सकती.”

पाच मिनिटांत पेटी बोलायला लागली. “आजोबा, फोन घ्या ना. आजोबा, फोन घ्या ना.” माझ्या नातीनं स्वतःच्या आवाजात घंटी भरून दिली होती. झाकणाच्या कडेला बोटभर फट होती, आणि ‘पूर्ण बंद’ या दोन शब्दांवर मी आयुष्यभर परीक्षेत गुण कापत आलो होतो. पेटीत वीस-पंचवीस फोन, माझा सगळ्यांत खाली. तो सापडेपर्यंत नात बोलत राहिली. वर्गातल्या हिंदीभाषक मुलांनी ‘आजोबा’ म्हणजे काय ते शेजारच्या मराठी मुलीला विचारून घेतलं. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी कॉलेजात आजोबा सर होतो. माझ्या विषयापेक्षा ते नाव मुलांना जास्त पाठ असे.

हसण्यावारी गेलं ते इतकंच. पुढच्याच आठवड्यात एक मुलगा वर्गात गप्प बसून होता. तीनदा प्रश्न विचारला, उत्तर नाही. मी त्याला उभं केलं, जे बोलू नये ते बोललो. तास संपल्यावर तो पेटीतून स्वतःचं श्रवणयंत्र काढून कानात घालू लागला, तेव्हा मला कळलं. बॅटरीवर चालणारी प्रत्येक वस्तू. त्यानं माझा नियम वाचला होता आणि पाळला होता. मी माफी मागितली, ती त्यानं ऐकली आणि “कोई बात नहीं सर” म्हणून निघून गेला. पुढच्या सत्रात त्यानं विषय बदलला. त्या दिवशी समितीची पहिली आणि शेवटची बैठक झाली, आणि नियम एकमध्ये ‘श्रवण यंत्र को छोड़कर’ एवढे शब्द आले. पाटीवर ते बारीक अक्षरांत, रेषेच्या वर घुसवलेले आहेत.

मग वर्षं गेली. नियमांची सवय सुटली, पेटीत फुटकी भिंगं आणि जुन्या वायरी साठल्या. केमिस्ट्रीचे सर गेले, बॉटनीच्या मॅडम निवृत्त होऊन इंदूरला मुलाकडे राहायला गेल्या. मध्ये ती कोरोनाच्या बंदीची दोन वर्षं आली. तेव्हा तर फोन हाच वर्ग होता. मी घरातल्या कपाटाच्या दाराला फळा टांगून शिकवत असे. एकदा सबंध तास आवाज बंद ठेवून शिकवला. शेवटी मुलांनी ‘धन्यवाद सर’ लिहिलं, तेव्हा मला भरूनही आलं होतं.

त्यानंतर नव्या प्राचार्य मॅडम आल्या. कॉमर्सच्या, चटपटीत, कामाला वाघ. त्यांनी हजेरीचं ॲप आणलं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर मुलाला परीक्षेला बसता येत नाही. पूर्वी ही हजेरी आम्ही वहीत मांडायचो. नाव पुकारायचं, “यस सर” ऐकू आलं की टिंब, नाही तर फुली. ॲपमध्ये मास्तरनं भिंतीवरच्या पडद्यावर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र दाखवायचं आणि मुलांनी दोन मिनिटांत आपापल्या फोननं ते टिपायचं. फोन वर्गातच आहे ना, हे ॲप स्वतः तपासतं. आधी फोन आणला म्हणून गुन्हा होता, आता नाही आणला तर गैरहजर.

मास्तरांनीही स्वतःची हजेरी त्यातच लावायची होती. ॲपनं पहिल्या दिवशी मला चार इमली या मंत्री-अधिकाऱ्यांच्या वस्तीत दाखवलं. मी रायसेन रोडवर वर्गात उभा, आणि ॲपच्या मते मी साहेबांच्या बंगल्यांमध्ये. घरी सांगितलं तर सुनंदा म्हणाली, “चला, त्या मशीनला तरी तुमच्याबद्दल काही आशा आहे.” दोन आठवडे झगडून मी जुनी वही पुन्हा काढली आणि दोन्ही चालू ठेवलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं. मला ॲप जमत नव्हतं, एवढंच.

त्याच वर्षी वर्गात ममता होती. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, पहिला बाक, भिंतीकडची जागा. रायसेन रोडवर पुढच्या एका गावातून बसनं यायची. घरात फोन एक, तो वडिलांकडे. ते गोविंदपुऱ्यात कारखान्यांचा माल टेम्पोनं पोचवायचे. फोनवरच फेऱ्या मिळायच्या, त्यामुळे फोन मुलीला देणं म्हणजे त्या दिवशी घरी बसणं. ममता रोज वर्गात यायची आणि ॲपमध्ये रोज गैरहजर लागायची. मी रोज वहीत टिंब द्यायचो आणि ऑफिसात बघून घेऊ म्हणायचो. हे बघून घेऊ माझ्या अंगात फार मुरलेलं आहे.

परीक्षेला महिना उरला तेव्हा बोर्डावर यादी लागली. परीक्षेला अपात्र, त्यात ममता.

ती स्टाफरूमच्या दारात आली. रडली वगैरे नाही. “सर, घर में तीन साल की बात हुई थी. चौथा साल कोई नहीं देगा.” मग म्हणाली, “आप ही बताइए, मैं आती थी कि नहीं?”

मी वही घेऊन प्राचार्य मॅडमकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, सिस्टम में नहीं है तो नहीं है.”

“मॅडम, वो रोज मेरे सामने बैठती है.”

“मैं मान भी लूँ. पोर्टल नहीं मानेगा.” आणि मग अगदी आपुलकीनं, “आपके चार महीने बचे हैं सर. आपके पेंशन के पेपर्स मेरी ही टेबल पर हैं. आराम से जाइए.”

धमकी नव्हती ती. काळजीच होती. काळजीची भीती मला जास्त वाटते. तिच्यावर चिडताही येत नाही.

बाहेर लॅबपाशी रफीकभाई होते, आमचे लॅब असिस्टंट. माझ्या आधीपासून कॉलेजात. प्रत्येक चाबी कुठली ते त्यांना ठाऊक आणि प्रत्येक फाइलही.

“को खाँ, मुँह क्यों लटका है?” त्यांनी अस्सल भोपाळीत विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी हातातलं भिंग पुसून ठेवलं. मग म्हणाले, “मियाँ, वो आपका पेटी वाला कानून किसी ने उठाया था क्या?”

“कसला कानून?” माझं हिंदी अधूनमधून मराठीत घसरायचं, कॉलेजात ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

“बाहर टँगा है. रोज उसी के नीचे से निकलते हो.”

मी बाहेर जाऊन पाटी वाचली. स्वतःचंच हिंदी, पण जाम अवघड होतं. नियम चार. नियम दहा. समितीनं रद्द करेपर्यंत लागू. समिती कुठे आहे? एक सदस्य वर, एक इंदूरला, आणि उरलेला मी.

दुसऱ्या दिवशी मी पेटीतली फुटकी भिंगं उपसली आणि पेटी वर्गाच्या दारात ठेवली. मुलांना सगळं सरळ सांगितलं. फोन पेटीत गेले तर ॲपमध्ये सगळेच गैरहजर लागतील, नुकसान तुमचंही होऊ शकतं. ज्याला नको असेल त्यानं फोन ठेवून घ्यावा, मी एक शब्द बोलणार नाही. आणि माझा फोन सगळ्यांत आधी टाकला.

शेवटच्या बाकावरचा यश उठला. तीन वर्षं त्याचं माझ्याशी फोनच्या कारणावरूनच भांडण. “आजोबा सर, तीन साल आप बोले, फोन अंदर रखो. आज पहली बार दिल से रख रहा हूँ.” आणि टाकला. मग रांग लागली. दोघांनी नाही टाकले. त्यांना मी आजही दोष देत नाही. त्यांनाही घरच्यांना उत्तर द्यायचं होतं.

ममता बाकावर खाली मान घालून बसली होती. टाकायला तिच्याकडे काही नव्हतंच.

तीन दिवस असं चाललं. ॲपच्या हिशोबानं माझ्या वर्गात दोनच मुलं येत होती, आणि त्या दोघांना मी बहुधा चार इमलीत बसून शिकवत होतो. चौथ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या, हातात फोन.

मी दारात आडवा झालो. “मॅडम, नियम चार.”

“ये क्या है?”

मी पाटी दाखवली. त्यांनी दहाही नियम वाचले. इतक्या वर्षांत ती पाटी सबंध वाचणारं पहिलं माणूस. “ये तो बहुत पुराना है.”

“हो. पर निरस्त नहीं हुआ.”

“तो समिति की बैठक बुलाइए. संयोजक कौन है?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. मागून कोणी तरी खुसखुसलं. मग त्यांनी फोन पेटीत टाकला. मला तेव्हा पहिल्यांदा त्या आवडल्या. मग त्या आत आल्या. टेबलावरची माझी हजेरीची वही उचलली, चार पानं उलटली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सर, रोल नंबर सत्ताईस पिछले साल कॉलेज छोड़ चुका है. आपके रजिस्टर में वो परसों भी आया था.”

 खरं होतं ते. मी नाव पुकारायचो, खाली बघून, आणि मागून कोणी तरी इतक्या नम्रपणे “यस सर” म्हणायचं की मी टिंब देऊन टाकायचो. सत्तावीस नंबर हा माझा सगळ्यांत नियमित विद्यार्थी होता. मी एकदा त्याचं उदाहरणही दिलं होतं.

“इसी रजिस्टर की वजह से ऐप लाना पड़ा सर,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “अब इसी पर मैं कैसे भरोसा करूँ?”

 ॲपशी भांडायला निघालो होतो, आणि ॲपचं कारण मीच. ममताची तीन वर्षं माझ्या आळसाच्या खड्ड्यात गेली होती. मी खुर्चीवर बसलो. वर्गात, उभ्या प्राचार्यांसमोर बसलेला मास्तर मी पहिलाच असेन.

तेव्हा ममता उठली. तिच्या हातात फिजिक्सची वही होती. “मैडम, इसमें है.”

“नोट्स कोई भी उतार सकता है, बेटा.”

“नोट्स नहीं. बायीं तरफ देखिए.”

उजव्या पानावर माझा तास. डाव्या पानावर पेन्सिलीनं, तारखेसह, माझ्या चुका. प्रत्येक तासाच्या. मॅडमनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “सर ने ऋण का चिह्न छोड़ दिया. सर ने ताँबे को कुचालक कहा.” त्यांनी वर पाहिलं. “ताँबे को?”

“बोलता बोलता,” मी म्हणालो. तांब्यातून वीज वाहत नाही, असं म्हणून गेलो होतो.

“सर ने दस मिनट चश्मा ढूँढा, सिर पर था. सर ने पिछले हफ्ते वाला पाठ दोबारा पढ़ाया, किसी ने नहीं टोका.”

आता वर्ग हसायला लागला होता. “हाँ मैडम, चश्मे वाले दिन तो मैंने ही बताया था,” यश म्हणाला. मॅडम पान उलटत गेल्या, आणि पान उलटताना त्यांचा चेहरा बदलत गेला. पेटीतून आपला फोन काढून घेतला, नियम चार मोडून. मी तिकडे काणाडोळा केला. ॲप उघडून त्या एकेक तारीख ताडून पाहू लागल्या. ज्या ज्या दिवशी माझा तास झाल्याचं ॲप म्हणत होतं, त्या त्या दिवशी वहीत माझी चूक होती. फक्त तीन दिवशी नव्हती.

“ये तीन दिन नहीं आई?”

“बुखार था, मैडम.”

मी माझ्या हजेरीच्या वहीत पाहिलं. त्या तिन्ही दिवशी मी तिला हजर मांडलं होतं.

“ये क्यों लिखती थी?” मॅडमनी विचारलं.

“घर जाकर सही करती थी. सर को बोलती तो उनको बुरा लगता.”

तीस वर्षं शिकवून मला मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रमाणपत्र. माझं एकेक वाक्य इतक्या लक्षपूर्वक दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही. घरी तर नाहीच.

मॅडम मला ऑफिसात घेऊन गेल्या. पोर्टलमध्ये एक रकाना निघाला. शिक्षकानं स्वतःच्या जबाबदारीवर लेखी दिलं तर हजेरी हातानं भरता येते. तो रकाना पहिल्यापासून होता. फक्त तो वापरला की वरच्या अहवालात कॉलेज शंभर टक्के डिजिटल दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

“जाँच हुई तो नाम आपका आएगा,” त्या म्हणाल्या.

मी सही केली. तीन तापाचे दिवस वजा करून. आयुष्यात पहिल्यांदा माझी हजेरी बरोबर जुळली, तीही दुसऱ्याच्या वहीवरून. वर्गातल्या बाकी मुलांचे ते पेटीचे दिवसही त्याच रकान्यात भरले गेले, आणि रकाना एकदा उघडल्यावर ममताच्या बाकी विषयांच्या मास्तरांनीही लेखी दिलं. मॅडमनी माझे निवृत्तीचे कागद वेळेवर पुढे पाठवले. त्यात त्यांनी कुठे खोट काढली नाही, हेही लिहिलं पाहिजे. ममता परीक्षेला बसली. आता बी.एड. करतेय. शिक्षिका होईल. तिच्या वर्गातल्या डाव्या पानांवर काय लिहिलं जाईल, याची मला उत्सुकता आहे.

निवृत्तीच्या दिवशी रफीकभाईंनी विचारलं, “पेटी घर ले जाओगे?” सुनंदानं खोळींसाठी केव्हाच नवं कपाट घेतलं होतं. पेटी तिथेच राहू दिली.

मागच्या महिन्यात प्राचार्य मॅडमचा फोन आला. कॉलेजची पाहणी व्हायचीय. भिंतीवर एक नियम आणि वर्गात दुसरा, हे बरं दिसत नाही. नवे नियम तयार आहेत, पण बडेबाबू, म्हणजे ऑफिसातला हेडक्लार्क, अडून बसलाय. फाइल ज्यानं उघडली त्यानंच बंद करायची, आधी संयोजकाची सही आणा म्हणतोय.

“पाँच मिनट का काम है सर. गाड़ी भेज दूँ?”

“नव्या नियमांत तो हातानं भरायचा रकाना आहे ना? बिना फोनवाल्या मुलांसाठी?”

“उस पर विचार चल रहा है.”

मी आनंद नगरात आपल्या व्हरांड्यात बसलो होतो. समितीच्या उरलेल्या एकूण एक सदस्याशी मी तिथल्या तिथे सल्लामसलत केली.

“मग मॅडम,” मी म्हणालो, “समितीचाही विचार चालू आहे.”